बाई ‘बघू’ म्हणाल्या

पत्र :

मी पुण्यात एका कंपनीत अकरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे, माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. दोन वर्षांपूर्वी तिथल्या ग्रंथपाल बाईंनी आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मिळून जुन्या डेस्कटॉपवर कोहा हे वाचनालयासाठीचं मोफत सॉफ्टवेअर बसवलं. आता देवघेव त्यावरच चालते. दिवाळीत गेलो, पाहिलं आणि पोटात गोळा आला. एकच हार्डडिस्क, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला, यूपीएस नाही, बॅकअपचा पत्ता नाही. मी तिथल्या तिथे म्हणालो, हे सगळं क्लाउडवर हलवून देतो, एक पैसा घेणार नाही. बाई म्हणाल्या, ‘बघू.’ पुण्याला आल्यावर आठ पानांचा सविस्तर मेल पाठवला. उत्तर नाही. मग जानेवारीत एका रात्री साडेनऊला त्या मुलाचा फोन : ‘दादा, मशीन चालूच होत नाहीये, उद्या तपासणी आहे.’ तासभर मी त्याला लॉग्ज, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचून दाखवायला सांगत होतो. शेवटी कळलं की स्क्रीनवर ‘एफ-वन दाबा’ असं लिहून आलंय. दाबलं, चालू झालं. त्यानंतर पुन्हा सामसूम. फुकट मदत मिळत असताना लोकांना ती नको का असते? सोडून देऊ का?

— पुण्यातला एक गावकरी

उत्तर :

सोडू नका. पण आधी तो आठ पानांचा मेल उघडा आणि बाईंच्या खुर्चीत बसून वाचा. त्या दोघांनी काउंटर सांभाळून उरलेल्या वेळात लिनक्स बसवलं, कोहा उभं केलं, दाखल नोंदवह्या उघडून एकेक पुस्तक त्यात चढवलं. सभासदांना नवीन कार्डं दिली, ‘पूर्वीचं रजिस्टरच बरं होतं’ म्हणणाऱ्या आजोबांची समजूत काढली. तुम्ही वीस मिनिटं उभ्याने पाहिलंत आणि सांगितलंत की हे सगळं नव्याने करायला हवं. तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नसेल. पण बाईंना त्यात मदत ऐकूच आली नसणार. तो तपासणीचा शेरा वाटला असणार, आणि तसे शेरे त्यांना दरवर्षी सरकारी खात्याकडून मिळतातच.

आता ‘बघू’बद्दल. मराठीत हे अख्खं वाक्य आहे, हे अकरा वर्षं कॉर्पोरेटमध्ये राहून तुम्ही विसरला असाल. स्थळ पाहून गेलेली मंडळी जे ‘बघू’ म्हणतात तेच हे. त्यात नकार असतो, पण दार लोटलेलं असतं, कडी लावलेली नसते. जानेवारीतल्या त्या फोनने ते सिद्धच केलं.

‘फुकट मदत नको का असते’ या प्रश्नाचं उत्तर त्या सॉफ्टवेअरच्या नावात आहे. कोहा जन्मलं न्यूझीलंडमध्ये. तिथल्या होरोव्हेनुआ भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताच कोलमडेल अशी भीती होती, म्हणून 1999 मध्ये त्यांनी एका छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती चालू झाली आणि सगळ्यांसाठी खुली केली गेली. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे जाताना न्यायची भेट, आणि ती परतफेडीच्या नात्यातली असते. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचा शब्द आहेर. आपल्या घरांतून आहेराची वही असते, कुणी काय दिलं ते लिहून ठेवायला, कारण कधीतरी ते फेडायचं असतं. जे वहीत लिहिता येत नाही त्याचं माणसाला ओझं होतं. ‘एक पैसा घेणार नाही’ असं म्हणून तुम्ही बाईंची वहीच काढून घेतलीत.

तेव्हा पहिलं काम : पुढच्या वेळी जाल तेव्हा वाचनालयाचे सभासद व्हा. अनामत भरा, वर्गणी भरा, पावती घ्या, पुस्तक घेऊन घरी जा. मग तुम्ही पुण्याहून आलेले तज्ज्ञ राहत नाही. ज्यांचं कार्ड त्या मशीनमध्ये आहे अशांपैकी एक होता, आणि मशीन नीट चालणं ही तुमचीही गरज होते.

दुसरं, क्लाउड विसरा. निदान दोन वर्षं तरी तो शब्द काढू नका. तुम्हाला महिन्याचं भाडं किरकोळ वाटतं. वाचनालयाचा कारभार अनुदानावर चालतो, ते हप्त्याने येतं आणि त्याच्या तारखेचा भरवसा नसतो. बँकेतून पैसे काढायचे तर चेकवर दोन सह्या लागतात. परदेशी कंपनीच्या मासिक बिलाला देण्यासाठी क्रेडिट कार्ड कुणाच्या नावावर काढायचं? शेवटी ते तुमच्या कार्डावर जाईल. आणि आज गावात केबल तुटली तरी वाचनालयाच्या चार भिंतींत देवघेव चालू राहते, ती त्या दिवशी बंद पडेल. घरबसल्या पुस्तक शोधता यावं अशी सभासदांची मागणी आलीच, तर तेव्हा बघता येईल. बहुतेक ब्रॉडबँडवाले आता 100.64 ते 100.127 च्या पट्ट्यातला सामायिक पत्ता देतात आणि बाहेरून आत शिरता येत नाही. त्यावर बोगद्याचे (टनेलचे) उपाय आहेत आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. पण ती तहान अजून कुणाला लागलेली नाही.

‘तुमच्या कार्डावर जाईल’ हे मी अनुभवाने सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेला मी अशीच हौसेने संकेतस्थळ उभारून दिलं. डोमेन माझ्या नावावर घेतलं, माझ्या नोकरीतल्या मेलवर, कारण तेव्हा तेच पटकन झालं. पुढे मी नोकरी बदलली. नूतनीकरणाच्या सूचना एका मेलेल्या पेटीत जात राहिल्या. एका सकाळी तिथल्या कार्यवाहांचा फोन आला : ‘ताई, आपल्या साइटवर जुगाराची जाहिरात का दिसतेय?’ आवाजात राग नव्हता. काहीतरी आपल्याच हातून चुकलं असेल असंच त्यांना वाटत होतं. ते पहिलं वाक्य मला अजून आठवतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या यंत्रावर माझ्या नावाचं काहीही राहिलं नाही ना, हे मी निघताना दोनदा बघते.

आता मुद्द्याचं. गेल्यावर काय बिघडलंय ते सांगू नका, काय त्रास होतो ते विचारा. त्यांना सुरक्षेचा किंवा बॅकअपचा त्रास होत नसतो, तो तुम्हाला होतो. त्यांना काउंटरवर समोर माणूस उभा असताना होतो तो त्रास वेगळा. मी पैजेवर सांगते, पहिल्या तीनांत ‘मराठीत शोधलं की पुस्तक सापडत नाही’ हे असणार.

कारण असं. कोहात शोधासाठी सहसा झेब्रा नावाचं इंजिन असतं. अक्षरांची सूची करण्याचे त्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यातला जुना रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे. तो चालू असेल तर ‘किल्ले’ असा शोध दिला की कधी काहीच येत नाही, कधी भलतंच येतं. दुसरा मार्ग आयसीयूचा, हे सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखणारं युनिकोडचं सॉफ्टवेअर. उपाय तोच, म्हणजे झेब्राच्या मांडणीच्या फाइलीत जुन्या अक्षर-नकाशाच्या जागी आयसीयूची साखळी लावायची आणि सूची पहिल्यापासून बांधायची. तुमच्यासारख्याला चहा निवेपर्यंतचं काम. पण करण्यापूर्वी त्या फाइलीची प्रत ठेवा, आणि टंकायला त्या मुलाला बसवा. तुम्ही शेजारच्या स्टुलावर, हात मांडीवर. त्याने चुकीचं अक्षर दाबलं तरी पुढे वाकू नका. हे सांगायला सोपं आहे, मला स्वतःला जमायला बरीच वर्षं लागली.

एवढं करूनही काही पुस्तकं सापडणार नाहीत, आणि इथे तुमचं ज्ञान संपून बाईंचं सुरू होईल. ‘पुढाऱ्यांचे’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्तावाला ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सकाळी बाईंनी एका कीबोर्डवर चढवलेली पुस्तकं आणि संध्याकाळी मुलाने मोबाइलवरून चढवलेली पुस्तकं यांची त्यामुळे आयुष्यात भेट होत नाही. त्याखेरीज जुन्या संगणकावर युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेल्या याद्या कुणीतरी रूपांतर करून चिकटवल्या असतील, तर त्यातही ऱ्हस्व-दीर्घाची, रफाराची गंमत असणार. यावर एकच आज्ञा चालवून भागत नाही. कुठली पद्धत प्रमाण मानायची ते ठरवावं लागतं, मग शोधून बदलावं लागतं. ते ठरवायचा अधिकार आणि जाण दोन्ही बाईंकडे आहे. तुम्ही फक्त दोन्ही रूपं शोधून यादी काढून द्या. ही यादी घेऊन त्या जेव्हा पेन्सिलने खुणा करायला बसतील, तेव्हा तुमचं ‘बघू’ संपलेलं असेल.

हे झालं की मगच बॅकअप. तुम्ही लिहिलंय, पत्ता नाही. खरंच पाहिलंत का? कोहा डेबियनच्या (हा लिनक्सचाच एक प्रकार) पॅकेजमधून बसवलं असेल तर ते स्वतःच रोज एक प्रत काढतं, व्हार-स्पूल-कोहा या फोल्डरात, आणि शेवटच्या दोनेक दिवसांच्या ठेवतं. म्हणजे मुलाने काहीही केलं नाही असं नाही, त्याने योग्य तऱ्हेने बसवलं असेल तर अर्धं काम झालेलं आहे. उरलेल्या अर्ध्यात दोन खड्डे आहेत. एक तुम्हाला लगेच दिसेल : प्रत त्याच डिस्कवर, डिस्क गेली की दोन्ही गेलं. दुसरा खड्डा मजेशीर आहे. डेबियनवर रोजची कामं सकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी सुटतात. त्या वेळी वाचनालयाला कुलूप असतं आणि मशीन बंद. अनॅक्रॉन, म्हणजे हुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर उरकणारा छोटा प्रोग्रॅम, बसवलेला नसेल तर ते काम हुकतं ते हुकतंच, आणि दोन वर्षांत एकही प्रत निघालेली नाही असंही असू शकतं. तुमच्या डेटासेंटरमधल्या यंत्रांना झोप नसते म्हणून हे तुमच्या डोक्यात येणार नाही. तो बसवा, किंवा वेळ बदलून संध्याकाळी 5 ची करा, जेव्हा काउंटरवर हमखास कुणीतरी असतं.

मग दोन पेनड्राइव्ह. एक वाचनालयाच्या कपाटात, एक कोषाध्यक्षांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. त्यांत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, त्यामुळे आतल्या फाइली सांकेतिक कुलपात (एन्क्रिप्ट) बंद करूनच, आणि त्या कुलपाचा परवलीचा शब्द बंद पाकिटात, पाकिटावर कार्यवाहांची सही. मॉनिटरवर चिकटवलेल्या पासवर्डची चिठ्ठीही याच पाकिटात जाऊ शकते. तिची चेष्टा न करता. ती चिठ्ठी तिथे का आहे? मुलगा परीक्षेला गेला की बाई अडतात म्हणून. काउंटरच्या मदतनिसांना कोहात फक्त देवघेवीच्या अधिकाराचं वेगळं खातं काढून द्या, चिठ्ठीची गरजच राहणार नाही.

मात्र इथवर येऊन थांबलात तर मी तुम्हाला नापास करीन. एखाद्या रविवारी घरातला पडीक लॅपटॉप घेऊन जा, त्यावर नवं कोहा बसवा आणि पेनड्राइव्हवरच्या प्रतीतून अख्खं वाचनालय त्यात उभं करा. त्यासाठी कोहा-रीस्टोअर ही आज्ञा आहे. मुलगा टंकेल, बाई बघतील. पहिल्या वेळी फसेल, आवृत्ती जुळणार नाही किंवा फाइल अर्धवट निघेल. फसू द्या, तासभर लागू द्या. शेवटी लॅपटॉपवर बाईंना त्यांचं स्वतःचं सभासद कार्ड आणि त्यांच्या नावावरचं पुस्तक दिसलं की काम झालं. तुमच्या आठ पानांच्या मेलमध्ये, मी खात्रीने सांगते, हा रविवार नव्हता.

दूरून प्रवेशाची बाब थोडी नाजूक आहे. त्यांनी मागितल्याशिवाय मागू नका. मिळाला तर तुमच्या नावाचं वेगळं खातं, तुमची किल्ली, आणि दार त्यांच्या बाजूने उघडणारं : मुलगा मशीनसमोर बसला असेल तेव्हाच चालू, काम झालं की त्यानेच बंद करायचं. ही औपचारिकता नाही. त्या डेटाबेसात गावातला कोण काय वाचतो ते आहे. मधुमेहाची पुस्तकं कोण नेतं, घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक कुणी तीनदा नूतनीकरण करून ठेवलंय. बाईंना ते माहीत असतं आणि त्या बोलत नाहीत, म्हणून गाव त्यांच्याकडे येतं. तुम्ही त्याच गावचे, तुमची आई तिथल्याच भिशीत. पाहू नका, आणि पाहायची वेळ येणार नाही अशी सोय करा. सभासदांचा जुना वाचनेतिहास पुसून अनामिक करायची सोय कोहातच आहे, ती ठेवायची की नाही ते मात्र कार्यकारी मंडळाने ठरवायचं.

रात्री साडेनऊच्या फोनबद्दल तुम्ही तक्रार केलेली नाहीत, पण पत्रात वेळ लिहिलीत म्हणजे लागलं असणार. स्पष्ट सांगून टाका : रविवारी सकाळी 10 ते 12 मी आहे, एरवी मेसेज टाका, दोन दिवसांत बघतो. लोक याने दुखावत नाहीत, उलट निवांत होतात, कारण तुम्हाला कधी त्रास द्यावा याचा अंदाज घेण्याची कसरत संपते. मशीन बंद पडलं तर देवघेव कागदावर लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चढवायची हे बाईंनी शेकडो वेळा केलेलं आहे. त्यांच्यासाठी ते संकट नाही, मुलासाठी आहे, कारण तो एकटा आहे. तो दोन-तीन वर्षांत नोकरीसाठी गाव सोडणार, बहुधा तुमच्याच पुण्यात येणार. म्हणून त्याच्याकडून एक वही लिहून घ्या, त्याच्या अक्षरात, त्याच्या मराठीत. ‘मशीन चालू झालं नाही तर आधी काय बघायचं’ इथपासून. तुम्ही लिहू नका. तुमचं लिखाण कसं असतं ते आठ पानांत कळलंय.

आवृत्तीच्या मागे धावू नका. कोहाची नवी मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, वर्षातून एकदा, रीतसर प्रत काढून, पुढे गेलात तरी पुष्कळ. मार्चअखेर आणि तपासणीच्या आठवड्यात कशालाही हात लावायचा नाही.

आता मेल नको, फोनवर एवढाच मेसेज टाका : ‘बाई, नमस्कार. दिवाळीत मी जरा जास्तच बोललो. येत्या महिन्यात गावी येतोय, सभासद व्हायचंय, किती वर्गणी ते कळवा. मराठीत शोधताना काही पुस्तकं सापडत नाहीत असं होत असेल तर तीन-चार नावं लिहून ठेवाल का, एकदा एकत्र बसून बघू.’ बस. यात ‘बघू’ तुमच्याकडून गेलाय, ते त्यांच्या लक्षात येईल.

आणि हो, त्या एफ-वनच्या रात्री तुम्ही मशीन चालू करून दिलंत, पण ते तसं का थांबलं होतं? जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, तो मेला की वीज जाऊन आल्यावर मशीन सगळं विसरतं आणि कुणीतरी कळ दाबेपर्यंत अडून बसतं. घड्याळही मागे पडतं. इंटरनेट असेल तर सुधारतं, नसेल तर आज दिलेल्या पुस्तकावर जुनी तारीख पडते आणि दंडावरून काउंटरवर वाद होतो. बाईंच्या त्रासांच्या यादीत ‘दंड चुकीचा लागतो’ असं निघालं तर दचकू नका. सेलचा नंबर सहसा सीआर 2032. पुण्यातून निघताना दोन घेऊन जा. मशीन उघडून बसवायला मुलाला द्या, तुम्ही टॉर्च धरा.